पक्ष्यांचं छोटं पुस्तक निवडताना

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवाची भेट म्हणून प्रत्येक घराला काय द्यायचं, यावर कार्यकारिणीच्या दोन बैठका झाल्या, हे आपल्याला माहीत आहेच. स्टीलचा डबा, भिंतीवरचं घड्याळ, चांदीचा मुलामा दिलेलं नाणं अशा बऱ्याच सूचना आल्या. शेवटी महिला मंडळाने म्हटलं, की डबे आणि घड्याळं प्रत्येकाच्या घरी पुष्कळ झाली. त्यापेक्षा आपल्या आवारात जे पक्षी येतात त्यांची ओळख करून देणारं एखादं खिशात मावेल असं पुस्तक द्यावं. ठराव एकमताने मंजूर झाला. मी रोज सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून फिरतो, एवढ्या भांडवलावर पुस्तक निवडायचं काम माझ्याकडे आलं.

काय निवडलं ते शेवटी सांगतो. आधी कसं निवडलं ते सांगतो, कारण पैसे सभासदांचे आहेत, आणि बँकेत नोकरी केलेल्या माणसाला हिशेब दिल्याशिवाय चैन पडत नाही. शिवाय उद्या तुम्ही स्वतः नातवंडांसाठी दुकानात असं पुस्तक घ्यायला गेलात, तर या कसोट्या तुमच्या उपयोगी पडतील.

पहिली कसोटी अशी, की पुस्तक आपल्या भागाचं हवं. हे सांगायची गरज आहे का, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं परदेशात आहेत. ती येताना तिकडचं सुरेख छपाईचं पुस्तक घेऊन येतात. पुस्तक उत्तमच असतं, पण ते तिकडच्या बागेसाठी लिहिलेलं असतं. रॉबिनचंच उदाहरण घ्या. इंग्लंडचा रॉबिन, जो ख्रिसमसच्या कार्डावर असतो, त्याची छाती केशरी-तांबूस. अमेरिकेतला रॉबिन अगदीच निराळा, आकाराने मोठा, कस्तुर पक्ष्याच्या कुळातला. आणि आपल्या मागच्या टेकडीवर दगडावर बसून शेपटी वर उचलणारा जो छोटा काळा पक्षी दिसतो, तो इंडियन रॉबिन, म्हणजे आपला चिरक. त्याच्या नराच्या पंखावर पांढरा डाग आणि शेपटीच्या बुडाशी तांबूस रंग असतो, पण छाती काळीच. इंग्रज इथं आले आणि घरची आठवण म्हणून दिसेल त्या पक्ष्याला तिकडची नावं देत गेले, म्हणून हा गोंधळ. तेव्हा ‘रॉबिन’ असं लिहिलेलं पान उघडून आपला चिरक शोधायला बसलात, तर तो कधीच सापडायचा नाही.

दुसरी कसोटी, पुस्तकात पक्षी किती आहेत. इथं माणूस हमखास फसतो. आपण भाजी घेताना जास्त मिळाली की खूश होतो, तसं पुस्तकातही जास्त पक्षी असले की पैसे वसूल झाले असं वाटतं. भारतात पक्ष्यांच्या तेराशेहून अधिक जाती आहेत. रिचर्ड ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्य यांचं भारतीय उपखंडाच्या पक्ष्यांचं पॉकेट गाइड १९९९ साली निघालं. फार मोलाचं पुस्तक आहे, माझ्याकडे आहे, आणि लांबच्या सहलीला जाताना मी ते नेतो. पण नाव जरी पॉकेट असलं तरी शर्टाच्या खिशात ते घालून बघा, शिंप्याकडे जावं लागेल. आणि त्यात हिमालयापासून श्रीलंकेपर्यंतचे सगळे पक्षी आहेत. आठ वर्षांच्या मुलाने गॅलरीत एक तपकिरी पक्षी बघितला आणि हे पुस्तक उघडलं, तर त्याच्यासमोर तपकिरी पक्ष्यांची पानंच्या पानं येतात. त्यातले निम्मे फक्त अरुणाचलात किंवा अंदमानात असतात. मूल पाच मिनिटं बघतं, पुस्तक मिटतं आणि कार्टून लावतं. त्या मुलाचा यात काही दोष नाही.

आपल्या आवारात नेमाने येणारे पक्षी तीस-पस्तीस धरा. कावळा, डोमकावळा, चिमणी, साळुंकी, लालबुड्या बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर, तांबट, कोकीळ, भारद्वाज, पोपट, होला, वेडा राघू, कोतवाल, नाचण, हळद्या, सातभाई, राखी धनेश, खंड्या, शिक्रा, घार, पिंगळा. पारव्यांना मी यादीत घेतलं नाही. त्यांच्यासाठी पुस्तक लागत नाही, जाळीवाल्याचा नंबर पुरतो. (हशा)

बँकेत नव्या माणसाला नोटा मोजायला बसवायचो, तेव्हा खोट्या नोटांचे प्रकार आधी शिकवायचो नाही. खऱ्या नोटा इतक्या हाताळायला लावायचो, की वेगळी नोट आली की बोटालाच कळावं. पक्ष्यांचंही तेच आहे. हे तीस-पस्तीस पक्के झाले, की छत्तिसावा आला त्या दिवशी तो नवीन आहे हे तुम्हाला आपोआप कळतं. मोठं पुस्तक त्या छत्तिसाव्यासाठी असतं. पहिलं पुस्तक मात्र पन्नास ते शंभर पक्ष्यांचं, आणि शक्यतो महाराष्ट्राचं किंवा पश्चिम भारताचं असावं.

तिसरी कसोटी चित्रांची. फोटो हवेत की हाताने काढलेली चित्रं? नव्या पुस्तकांत फोटो असतात आणि ते डोळ्यांना सुखावतात. पण फोटो हा एका पक्ष्याचा, एका क्षणाचा, त्या वेळच्या उन्हाचा असतो. सावलीत बसलेला शिंजीर काळा दिसतो, तोच उन्हात आला की जांभळा आणि निळा चमकतो. चित्रकार काय करतो, तो त्या जातीचे पुष्कळ पक्षी बघून त्यांच्यात जे सारखं आहे ते काढतो, आणि मिळतेजुळते पक्षी शेजारी शेजारी, एकाच बाजूला तोंड करून बसवतो. तुलना करायला ते सोपं जातं. अमेरिकेतल्या रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४ साली आपल्या पुस्तकात आणखी एक सोय केली. पक्ष्याची जी खूण बघायची, तिच्याकडे बाण दाखवला. पिसांचं सगळं वर्णन वाचत बसू नका, एवढी एक खूण बघा, असं ते सांगणं. पुढे जगभरच्या पुस्तकांनी ती रीत उचलली. तेव्हा फोटोचं पुस्तक घेतलंत तरी हरकत नाही, पण ओळखायची खूण वेगळी दाखवली आहे का, ते बघा.

मात्र चित्र असो की फोटो, त्यात मादी दाखवली आहे की नाही हे आवर्जून तपासा. माझ्या मते ही सगळ्यांत महत्त्वाची कसोटी आहे. स्वस्त पुस्तकांत आणि भिंतीवरच्या तक्त्यांत फक्त नर असतो, कारण नर दिसायला झगमगीत. आता कोकिळाचं बघा. ‘कोकिळा गाते’ असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. प्रत्यक्षात कुहूकुहू करतो तो नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके आणि पट्टे, आणि तिचा आवाज नुसता किक्‌-किक्‌-किक्‌ असा कर्कश. आपल्या वॉचमननी एकदा मला धावत येऊन सांगितलं, की उंबरावर ससाणा आलाय. ती कोकीळची मादी होती. त्यांच्या मुलाच्या शाळेच्या तक्त्यावर फक्त काळा कोकीळ होता, मग त्यांनी तरी काय ओळखावं?

दयाळ पक्ष्याचंही तसंच. नर काळा-पांढरा, मादी राखी-पांढरी. शिंजिराचा नर विणीच्या काळात जांभळा-निळा, आणि मादी वरून तपकिरी-करडी, खालून पिवळसर. विणीचा काळ संपला की नरही मादीसारखाच दिसू लागतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ राहते. जास्वंदीवर हे तीन वेगवेगळे पक्षी येतात असं मानणारी घरं आपल्याकडे आहेत, आणि त्यांचं निरीक्षण चांगलं आहे बरं का! त्यांच्या पुस्तकातच पान कमी आहे.

म्हणून दुकानात उभ्या उभ्या करायची एक परीक्षा सांगतो. पुस्तक हातात घ्या आणि तीन पानं काढा. कोकीळ, दयाळ आणि शिंजीर. तिन्हींच्या माद्या दाखवल्या असतील तर पुस्तक काढणाऱ्याने मनापासून काम केलं आहे. नसतील तर पुस्तक सावकाश परत ठेवा आणि पुढचं बघा.

चौथी कसोटी मापाची. पक्षी किती मोठा हे पुस्तक कसं सांगतं? तेवीस सेंटिमीटर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. इथं सलीम अली यांची आठवण करायलाच हवी. त्यांचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ १९४१ साली निघालं आणि अजूनही त्याच्या आवृत्त्या लोक वापरतात. त्यांनी आकार सांगायला आपल्या ओळखीचे पक्षीच फूटपट्टी म्हणून घेतले. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबूतर, कावळा, घार. एखादा पक्षी साळुंकीपेक्षा थोडा मोठा असेल तर ‘साळुंकी’ आणि पुढे अधिकचं चिन्ह. लहान असेल तर उणे. इतकी साधी गोष्ट, पण शेतकऱ्यापासून शाळेतल्या पोरापर्यंत कुणालाही कळते. साधारण मापं सांगतो, मुलांनी लिहून घ्या. चिमणी १५ सेंटिमीटर, बुलबुल २०, साळुंकी २३, कबूतर ३३, गावकावळा ४३ आणि घार ६१.

यात एक खोच आहे. ही लांबी चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजलेली असते. आपला पोपट ४२ सेंटिमीटर, म्हणजे आकड्यात जवळजवळ कावळ्याएवढा. पण त्यातली बरीचशी लांबी शेपटीची. अंगाने तो साळुंकीएवढाच. म्हणून जे पुस्तक ‘साळुंकीएवढा, पण लांब टोकदार शेपटी’ असं लिहितं ते नुसता आकडा देणाऱ्या पुस्तकापेक्षा चांगलं.

पाचवी कसोटी महिन्यांची. पक्षी बारमाही आहे की पाहुणा, ते पुस्तकात हवं. दिवाळीच्या आसपास गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर शेपटी सारखी थरथरवणारा एक पक्षी येतो. तो थिरथिरा. हिवाळ्याचा पाहुणा, उन्हाळा लागला की परत उत्तरेकडे. करडा धोबीही तसाच. मे महिन्यात कुणी म्हणालं की आज थिरथिरा बघितला, तर पुन्हा एकदा बघा म्हणून सांगायचं. पुस्तकात महिने दिलेले असले की अशा वेळी पुस्तकच आपल्याला सावध करतं.

सहावी कसोटी नावांची, आणि इथं मी थोडा वेळ घेणार आहे. पुस्तक इंग्रजी चालेल, पण त्यात मराठी नाव असायलाच हवं. माझी नात इंग्रजी शाळेत जाते. तिला मॅगपाय रॉबिन माहीत आहे, दयाळ माहीत नाही. तिच्या पणजीला दयाळ माहीत होता, मॅगपाय रॉबिन माहीत नव्हता. दोघींनी एकच पक्षी बघितला असता, तरी त्याच्याबद्दल दोघींना एकमेकींशी बोलता आलं नसतं. एका पुस्तकात दोन्ही नावं शेजारी छापलेली असली, तर आजी आणि नात एका बाकावर बसून ते चाळू शकतात.

आणि आपली नावं बघा किती बोलकी आहेत! पानं शिवतो तो शिंपी. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा टुक-टुक करतो तो तांबट. घोळक्याने कलकलाट करत फिरतात ते सातभाई. कपाळावरून मागे नीट भांग पाडल्यासारखी दिसते ती भांगपाडी मैना. डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला चष्मेवाला. नाव ऐकलं की निम्मी ओळख झालीच. इंग्रजी नावं तर बदलतही असतात. जुन्या पुस्तकांत भारद्वाजाला क्रो-फेझंट म्हणत, आता ग्रेटर कौकल म्हणतात. आपला भारद्वाज मात्र भारद्वाजच आहे. अर्थात आपल्याकडेही गावागणिक नावं बदलतात, भारद्वाजालाच कुणी सोनकावळा म्हणतं, कुणी कुकुडकुंभा. म्हणून शास्त्रीय नावही बारीक अक्षरात असलेलं बरं, वाद मिटवायला उपयोगी पडतं. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ या नावांसाठी मुद्दाम बघावा. ते पुस्तक खिशातलं नव्हे, टेबलावर ठेवून सावकाश वाचायचं.

शेवटची कसोटी अगदीच व्यावहारिक. पुस्तक उघडं राहतं का? एका हातात दुर्बीण, दुसऱ्या हातात पुस्तक, आणि पान वाऱ्याने मिटलं की पक्षी उडून जातो. कागदाला ओला हात लागला तर चालतं का? आणि अक्षर किती मोठं आहे? आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरच्या मंडळींनी चष्मा काढून पक्षी बघायचा आणि चष्मा लावून पुस्तक बघायचं, ही कसरत किती वेळ करायची? तेव्हा दुकानात पान हातभर लांब धरून वाचून बघा.

आता तरुण मंडळी म्हणतील, काका, पुस्तक कशाला, मोबाइल आहे की. बरोबर आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ नावाचं अ‍ॅप आहे. पैसे पडत नाहीत, आणि भारताचे पक्षी त्यात आहेत. ते आवाज ऐकून पक्षी सुचवतं, फोटोवरूनही सुचवतं. मी स्वतः वापरतो, आणि पहाटेचा आवाज ओळखायला ते मोठंच साधन आहे. नुसत्या वर्णनावरून विचारलं तर ते काय विचारतं, तर पक्षी कुठं दिसला, कधी दिसला, केवढा होता, रंग कोणते, आणि काय करत होता. आणि केवढा हे सांगायला तिथंही चिमणी आणि कावळा आहेतच! म्हणजे यंत्र आलं तरी प्रश्न तेच राहिले. पण अ‍ॅप सुचवतं, ठरवायचं आपण. ते ठरवायला पक्षी नीट बघितलेला असावा लागतो. आणि लहान मुलांच्या हातात मोबाइल दिला, की दोन मिनिटांनी ती पक्ष्याकडे बघत असतात की दुसऱ्याच कशाकडे, हे तुम्ही मला सांगू नका. (हशा)

आता जरा गंभीर बोलतो. हे सगळं हौसेपुरतंच असतं, तर मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये पार्किंगशेजारच्या शेवग्याची वाळकी फांदी छाटायचा विषय कार्यकारिणीपुढे आला. मी तेव्हा गावाला होतो, पण इतिवृत्त मी वाचलं आहे. फांदी गाडीवर पडेल ही भीती रास्त होती. त्या फांदीला खालच्या बाजूने गोल भोक आहे आणि एक पक्षी तिथं आत-बाहेर करतो, हे तीन घरांनी पाहिलेलं होतं, आणि तिघांनीही सभेत तसं सांगितलं. पण एकांनी पोपटाचं पिल्लू म्हटलं, दुसऱ्यांनी हिरवी चिमणी, तिसऱ्यांनी सुतारपक्षी. एकाचं दुसऱ्याशी जुळेना. मग सचिवांनी लिहायचं तरी काय? ‘फांदीवर पक्षी असल्याचे सांगण्यात आले’ एवढं एक वाक्य इतिवृत्तात आहे. दुसऱ्या दिवशी फांदी उतरवली. ढोलीत पिलं होती.

तो तांबट होता. अंग हिरवं, म्हणून पोपट वाटला. चिमणीपेक्षा किंचित मोठा, म्हणून हिरवी चिमणी. लाकूड कोरतो, म्हणून सुतारपक्षी. तिघांचंही निरीक्षण खरं होतं. कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, गळा पिवळा, एवढं एक चित्र त्या टेबलावर असतं, तर तिघांनी एकाच चित्रावर बोट ठेवलं असतं. तांबट स्वतः वाळक्या, मऊ लाकडात ढोली कोरतो, हिरव्या फांदीत नाही. आपण बरोबर वाळक्या फांद्याच छाटतो, आणि त्याही पावसाच्या आधी, म्हणजे नेमक्या त्याच्या विणीच्या दिवसांत. महिनाभर थांबलो असतो तर पिलं उडून गेली असती. तोवर खाली दोरी बांधून दोन गाड्या बाजूला लावता आल्या असत्या. दोष कुणाचाच नव्हता. पण ‘पक्षी आहे’ म्हणून काम थांबत नाही, आणि ‘तांबटाची पिलं आहेत, एवढे दिवस लागतील’ म्हटलं, की कोणताही सचिव थांबतो. कर्जाच्या अर्जावर ‘एक इसम’ असं नाव लिहून चालत नाही, तसंच हे आहे.

हीच गोष्ट उंबराची. त्या झाडाखाली गाड्या घाण होतात ही तक्रार दरवर्षी वार्षिक सभेत येते, आणि गाडी धुणाऱ्यांचा त्रास मला मान्य आहे. झाड तोडायला कायद्याने परवानगी लागते, महाराष्ट्रात तसा कायदा १९७५ पासून आहे. पण परवानगी मिळते की नाही हा पुढचा भाग. त्याआधी आपल्याला हे माहीत असावं, की त्या एका झाडावर तांबट, कोकीळ, बुलबुल, हळद्या आणि राखी धनेश एवढे सगळे जेवायला येतात. धनेशाची जोडी शहराच्या मधोमध, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर बसते, हे भाग्य किती सोसायट्यांना आहे? माहीत असूनही झाड नको वाटलं, तर तसा ठराव करायचा अधिकार सभेला आहे. पण नावं माहीत नसताना मत देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

तर आता निर्णय. सगळ्या कसोट्या लावून मी कार्यकारिणीला असं सुचवलं आहे. प्रत्येक घरी जाड पुस्तक देऊ नये. प्लॅस्टिकचं अस्तर दिलेलं, घडी करून शर्टाच्या खिशात मावणारं चित्रपत्रक द्यावं. पक्षिशिक्षणाचं काम करणाऱ्या संस्था अशी पत्रकं प्रादेशिक भाषांतही काढतात. नर-मादी दोन्ही, मराठी नावं, आणि पाणी लागलं तरी खराब होत नाही. महिला मंडळाच्या ठरावात ‘पुस्तक’ असा शब्द आहे. घडीच्या पत्रकाला पुस्तक म्हणता येईल का, हा तांत्रिक मुद्दा त्यांनी मोठ्या मनाने सोडून द्यावा. (हशा) यात जे पैसे वाचतील, त्यातून आपल्या वाचनालयात तीन पुस्तकं घ्यावीत. सलीम अलींचं पुस्तक, चितमपल्लींचा पक्षीकोश, आणि मघाशी सांगितलेलं उपखंडाचं पॉकेट गाइड. ज्याची भूक पत्रकाने भागणार नाही, त्याने तिथं यावं.

दुसरी सूचना, वॉचमनच्या केबिनमध्ये एक दोनशे पानी वही ठेवावी. तारीख, पक्षी, कोणतं झाड किंवा कोणाची गॅलरी, घरटं आहे का, आणि लिहिणाऱ्याचा फ्लॅट नंबर. झाडांच्या छाटणीचा दिवस ठरवण्याआधी सचिवांनी ती वही उघडून बघावी. फांदी खरोखर धोक्याची असेल तर काढावीच, माणसाचा जीव आधी. पण थांबता येण्यासारखं असेल तर थांबावं. कुंडीत बुलबुलाने घरटं केलं असेल तर तेवढे दिवस कुंडी हलवू नका, पाणी मात्र हळूच घाला.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एकच नियम. पक्षी दिसला की लगेच पत्रक उघडायचं नाही. पक्षी उडून जाईल, पत्रक कुठं जात नाही. आधी त्याच्याकडे बघायचं. केवढा आहे, चिमणी की साळुंकी? चोच कशी आहे? शेपटी वर आहे की खाली? जमिनीवर उड्या मारतो की चालतो? हे मनाशी मोठ्याने म्हणायचं, आणि मग पत्रक. मोठ्यांनीही असंच करायला हरकत नाही.

दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या दिवसांत आपल्या राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. पाच तारीख चितमपल्लींच्या जन्माची आणि बारा तारीख सलीम अलींच्या जन्माची. तोपर्यंत वहीत किती नावं जमतात ते बघू. ती यादी त्याच आठवड्यात सूचनाफलकावर लावू, आणि पहिलं नाव कुणी लिहिलं तेही त्यावर असेल.

पंचवीस वर्षांपूर्वी इथं फक्त मुरमाड जमीन होती. ही झाडं आपल्याच सभासदांनी लावली, पहिल्या उन्हाळ्यात बादलीने पाणी घालून जगवली. त्यातले काही जण आज आपल्यात नाहीत. त्यांच्या झाडांवर आता कोण राहायला आलं आहे, त्यांची नावं आपल्याला ठाऊक असावीत.

उद्या रविवार आहे. सकाळी साडेसहाला गेटपाशी जमू. माझ्याकडे जास्तीची एक दुर्बीण आहे, पाळीपाळीने वापरू. चहाची जबाबदारी अध्यक्षांनी घेतली आहे, असं मी इथं जाहीर करतो, म्हणजे त्यांना आता नाही म्हणता येणार नाही. (टाळ्या)